नागोयातलं वर्ष आणि कचऱ्याचं वेळापत्रक

प्रश्न : वय ४९. मी शाळेत शिकवते. मिस्टरांची कंपनीने जपानमध्ये नागोयाला बदली केली, ते सहा महिन्यांपासून तिथे आहेत. मी बिनपगारी रजा काढून मार्चअखेर वर्षभरासाठी त्यांच्याकडे जातेय. तिथली माणसं रोज कशी जगतात ते जवळून बघावं आणि लिहून काढावं अशी फार इच्छा आहे. बघायच्या चाळीस ठिकाणांची यादीही केली आहे. पण भाषा येत नाही. हे म्हणतात, “सरकारी कामं, बँक, कचरा, वाणसामान सगळं मी बघतो, तू फक्त ये.” मग दिवसभर घरात एकटी बसून मी बघणार काय? बहीण म्हणते, वर्षाचं धान्य आणि मसाले बांधून ने. मी मांस-मासे खात नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरी ७८ वर्षांची आई आहे. लिहिलेलं दर आठवड्याला मैत्रिणींना पाठवू का, तेही सांगा.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात मी एका वाक्यापाशी थांबले. “सगळं मी बघतो, तू फक्त ये.” म्हटलंय प्रेमानेच. पण ते तुम्ही मान्य केलंत, तर ज्यासाठी एवढी वर्षभराची रजा काढताय तेच हातचं जाईल. रोजचं जगणं दिसतं ते कामातून. ज्या कामाला तारीख आहे, समोर माणूस आहे आणि चूक झाली तर कुणीतरी ती दाखवून देणार आहे, अशा कामातून. आत्सुता मंदिर आणि इनुयामाचा किल्ला रविवारी दोघांनी मिळून बघा, जरूर बघा. सोमवार ते शुक्रवारसाठी मात्र यादी नको, जबाबदारी हवी. तेव्हा मिस्टरांना आजच सांगा की पालिकेतली नोंदणी तुम्ही दोघं मिळून करणार, आणि कचरा, वाणसामान, दवाखाना ही खाती तुमची.

आता तयारी. सुरुवात नावापासून करा. आपल्याकडच्या बऱ्याच पासपोर्टांवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जपानच्या निवासी कार्डावर ते सगळं जसंच्या तसं छापलं जातं, आणि मग बँक, फोन, दवाखाना, सगळीकडे तेच लांबलचक नाव लागतं. शिवाय फॉर्मवर ते काताकाना लिपीत, म्हणजे परदेशी नावं-शब्द लिहायच्या जपानी लिपीत, लिहावं लागतं. एका ठिकाणी एक स्पेलिंग आणि दुसरीकडे दुसरं झालं की खातं अडतं, कारण तिथली यंत्रणा अक्षरन् अक्षर जुळवून बघते. म्हणून निघण्याआधीच पूर्ण नावाचं एकच काताकाना रूप ठरवा. मिस्टरांनी आडनाव जसं लिहिलंय तसंच तुम्हीही लिहायचं. एका कागदावर ते मोठ्या अक्षरांत काढून पासपोर्टमध्ये ठेवा.

मूळ विवाह प्रमाणपत्र सोबत न्या आणि त्याचं जपानी भाषांतरही. व्हिसाच्या वेळी ते दिलंय म्हणून पुन्हा लागणार नाही असं समजू नका. वॉर्ड ऑफिसात मिस्टरांच्या कुटुंबात तुमचं नाव घालताना नातं सिद्ध करायला ते पुन्हा मागतात. व्हिसाआधी जे पात्रता प्रमाणपत्र येतं, ते दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. तिकिटाची तारीख ते बघूनच ठरवा.

औषधांच्या बाबतीत जपान कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात. जास्त न्यायची तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हे पत्र प्रवासाआधी अर्ज करून मिळवावं लागतं. माझं मत विचाराल तर वर्षाच्या गोळ्या नेऊच नका. महिन्याच्या न्या, चिठ्ठी न्या, आणि गोळीचं ब्रँडचं नाव नव्हे तर मूळ घटकाचं नाव आणि मात्रा इंग्रजीत टाइप करून न्या. ब्रँड तिथे कुणाला कळणार नाही. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातल्या सर्दीच्या गोळ्या सवयीने पिशवीत टाकू नका. ज्यात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे अशा औषधांना जपानमध्ये बंदी आहे, आणि कोडीनच्या औषधांनाही मर्यादा आहे.

सामानाबद्दल बहिणीचं थोडंसंच ऐका. मांसाचे पदार्थ तर तुम्ही नेणारच नाही, पण ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कच्ची डाळ, धान्य, पेरता येईल असं बी, हे सगळं वनस्पती-तपासणीत येतं आणि सरकारी प्रमाणपत्राशिवाय विमानतळावरच काढून घेतात. कंपनीच्या सीलबंद पाकिटातले दळलेले, सुके मसाले न्या. डाळ-तांदूळ तिथे मिळतात. भारतीय किराणा नागोयात आहे, ऑनलाइनही येतो.

मिक्सर नेण्याचा मोह टाळा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे कण्हत फिरतो, चटणी काही वाटत नाही. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो मिक्सरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा लागतो आणि कित्येक किलोंचा असतो. तिथलाच छोटा मिक्सर घ्या. कुकर न्यायला हरकत नाही, पण आधी मिस्टरांना विचारा की शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. आणि नवी गॅसची शेगडी घ्यायची वेळ आली तर इमारतीत शहरी पाइप गॅस आहे की सिलिंडरचा एलपी, हे विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नका. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात, दिसायला मात्र सारख्याच. चुकीची जोडली तर नुसती गैरसोय नाही, धोका आहे.

पोचल्यावर विमानतळावर निवासी कार्ड हातात मिळेल. पत्त्यावर राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे ‘कु-याकुशो’त, जाऊन पत्ता नोंदवायचा. ते कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता लिहून देतात. नागोयात असे १६ वॉर्ड आहेत, तुमचा कोणता ते आधी बघा. तुम्ही मार्चअखेर पोचणार आणि जपानमध्ये शाळा, नोकऱ्या, आर्थिक वर्ष सगळं १ एप्रिलला सुरू होतं. अख्खा देश त्या दोन आठवड्यांत घरं बदलत असतो, त्यामुळे वॉर्ड ऑफिसात तोबा गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडता उघडता जा. पाणी आणि वही घेऊन जा, कारण तुमचं निरीक्षण तिथूनच सुरू होतंय. नंबर कसा पुकारतात, फॉर्म भरायला कोण मदत करतं, म्हाताऱ्या माणसाशी खिडकीमागचा कर्मचारी कसा बोलतो, हे चाळीस ठिकाणांच्या यादीत कुठे सापडणार? कार्ड कायम जवळ बाळगायचं, दूध आणायला खाली उतरलात तरी. तो कायदा आहे, आणि पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही.

पत्ता कार्डावर आला की फोन, मग बँक, या क्रमानेच जा. काही बँका देशात सहा महिने पूर्ण होईपर्यंत खातंच उघडत नाहीत, तेव्हा पहिल्याच खिडकीवर नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. पोस्टाच्या बँकेत विचारा.

आरोग्य विमा मिस्टरांच्या कंपनीतर्फे असेल तर तुमचं नाव त्यात घालायचा अर्ज कंपनी करते. तो केला का, एवढं त्यांना विचारून ठेवा. विम्यानंतर खर्चाचा ३० टक्के भाग आपण भरायचा. जुनी विमा कार्डं डिसेंबर २०२४ पासून नव्याने मिळत नाहीत. ‘माय नंबर’ कार्ड, म्हणजे रहिवाशाच्या ओळख क्रमांकाचं कार्ड, विम्याला जोडतात, आणि ते हाती येईपर्यंत ‘शिकाकु काकुनिन-शो’ हा कागद चालतो. गोळी संपण्याच्या दहा दिवस आधी घराजवळच्या छोट्या क्लिनिकमध्ये जा. थेट मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीशिवाय गेलात तर पहिल्या भेटीला किमान ७,००० येन जादा पडतात. क्लिनिक औषध देत नाही, कागद देतं, आणि तो दिल्याच्या दिवसासह चारच दिवस चालतो. औषधाच्या दुकानात ‘ओकुसुरी तेचो’ नावाची छोटी वही मिळेल. प्रत्येक औषधाची नोंद तीत चिकटवतात. जपून ठेवा.

आता कचरा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नागोयासारख्या शहरात शेजाऱ्यांशी तुमची पहिली खरी गाठ इथेच पडते. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लॅस्टिक आठवड्यातून एकदा, न जळणारा महिन्यातून एकदा. वार वस्तीप्रमाणे बदलतात, वेळापत्रक वॉर्ड ऑफिसात मिळतं. पिशव्या शहराने ठरवून दिलेल्याच वापरायच्या, त्या सुपरमार्केटात मिळतात. सकाळी ८ च्या आत इमारतीच्या ठरलेल्या जागी ठेवायच्या. आदल्या रात्री ठेवल्या की पहाटे कावळे फाडतात आणि झाडायला शेजारीण येते. भाजीची सालं पिळून, पाणी काढून टाका, ओला कचरा नीट जळत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढून ती विसळायची. दुधाचा खोका विसळून, कापून, सपाट करून वाळवायचा. चुकीचं भरलेली पिशवी गाडी नेत नाही, तीवर स्टिकर लावून तिथेच ठेवते. असं झालं तर ओशाळून दार लावून घेऊ नका. पिशवी परत आणा, आणि शेजारच्या बाईंना दाखवून विचारा की यात काय चुकलं. बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर हातवाऱ्यांनीही देता येतं.

हे शहर कचऱ्याबद्दल एवढं काटेकोर का, तेही समजून घ्या. नागोयाला कचरा टाकायला जागा उरली नव्हती, तेव्हा फुजिमाए इथल्या भरती-ओहोटीच्या दलदलीत भराव घालायचं ठरलं होतं. ती स्थलांतरित पक्ष्यांच्या मुक्कामाची जागा. विरोध झाला, १९९९ च्या जानेवारीत शहराने तो बेत सोडला, आणि फेब्रुवारीत ‘कचरा आणीबाणी’ जाहीर केली. घराघरात वर्गवारी सुरू झाली. दोन वर्षांत शहराचा कचरा वीस टक्क्यांहून अधिक घटला, आणि २००२ मध्ये फुजिमाएची दलदल रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. पन्नाशी-साठीच्या शेजाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. “तुम्ही असं का करता?” असं विचारलंत तर समोरचा गोंधळतो, नुसता हसून गप्प बसतो. “हे कधीपासून असं आहे? आधी कसं होतं?” असं विचारा, माणसं भरभरून सांगतात.

शेजाऱ्यांकडे पहिल्या आठवड्यातच जाऊन या. दोन्ही बाजूंचे, वरचे आणि खालचे. ५०० ते १,००० येनपर्यंतचा टॉवेल किंवा गोड पदार्थाचा छोटा पुडा आणि नाव, एवढं पुरतं. महागाची भेट नेऊ नका, त्यांना परतफेडीचं ओझं होतं. मिस्टरांनी सहा महिन्यांपूर्वी हे केलं नसेल तरी आता तुम्ही आल्याच्या निमित्ताने होऊन जाईल. वस्तीची समिती, ‘चोनाइकाइ’, असेल तर तिची सूचनांची फिरती पाटी दारी येते. वाचता आली नाही तरी सही करून पुढच्या घरी द्यायची, अडवून ठेवायची नाही. भूकंपाच्या सरावाची तारीख त्यातच असते, त्या सरावाला नक्की जा. ते सुरक्षेसाठी हवंच, आणि वस्ती एका जागी जमलेली तिथे दिसते. जवळचं आश्रयस्थान बहुधा शाळाच असते. पायी जाऊन रस्ता एकदा बघून ठेवा.

भाषेची भीती मी खोटी म्हणणार नाही, पण तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. जपानी वर्णमाला अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते. हा क्रम संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे गेला. क्रियापदही मराठीसारखं शेवटीच येतं. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ अक्षरं, रोज अर्धा तास दिलात तर निघेपर्यंत येतील. तुम्ही काताकाना आधी शिका, दुकानातल्या कितीतरी वस्तूंची नावं त्यात असतात. बाकी व्याकरण तिथे वर्गात. नागोया स्टेशनजवळ नागोया इंटरनॅशनल सेंटर आहे, तिथे परदेशी रहिवाशांना माहिती आणि जपानीचे वर्ग दोन्ही मिळतात.

खाण्यात एक फसगत ठरलेली. भाजीच्या पदार्थातही ‘दाशी’ असते, म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ माशाचा अर्क. पाकिटावर ॲलर्जीच्या पदार्थांची चौकट असते, पण त्या सक्तीच्या यादीत अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा येतात, मासा येत नाही. चौकटीत मासा नाही म्हणजे आत नाही, असं धरू नका. घटकांची मोठी यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा.

बघायचं कसं? एकच जागा, एकच वेळ, पुन्हा पुन्हा. नागोयाकडे यासाठी एक सुंदर सोय आहे : ‘मॉर्निंग’. सकाळी कॉफी मागवली की तेवढ्याच पैशात टोस्ट आणि बहुतेक ठिकाणी उकडलेलं अंडं येतं. घराजवळचं एक कॉफीचं दुकान निवडा, आठवड्यातून दोन ठरावीक वारी जा, त्याच सुमारास. महिन्याभरात कोण कुठल्या खुर्चीत बसतं ते पाठ होईल, आणि तुम्हीही कुणाच्या तरी पाठ व्हाल. शिक्षिका आहात म्हणून आणखी एक : सकाळी पावणेआठच्या आसपास वस्तीतली लहान मुलं गट करून शाळेत चालत जातात, मोठं मूल पुढे. नागोया ज्या प्रांतात आहे त्या आइचीत त्याला ‘त्सूगाकु-दान’ म्हणतात. नाक्यावर वयस्कर मंडळी झेंडी घेऊन उभी असतात, त्यांना रोज ‘ओहायो गोझाइमास’ म्हणा. मुलांचे फोटो मात्र अजिबात नाही, दुरूनही नाही.

वहीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : दिसलं काय, मला वाटलं काय, विचारल्यावर कळलं काय. दिवस, वेळ, हवा आणि जागा लिहिल्याशिवाय नोंद सुरू करू नका. ‘जपानी लोक काटकसरी असतात’ ही नोंद नाही. ‘मंगळवार, संध्याकाळी ७:४०, पाऊस. सुपरमार्केटात तयार जेवणाच्या डब्यांवर कर्मचारी निम्म्या किमतीचे स्टिकर लावतोय. चार जण दोन पावलं मागे उभे, मधे कुणी हात घालत नाही. तो पुढच्या फळीकडे सरकला तशी पहिली बाई पुढे झाली.’ ही नोंद. दुसऱ्या मंगळवारी जाऊन पुन्हा बघा, तसंच घडतं का ते. ‘लोक’ हा शब्द पहिले तीन महिने वहीत येऊ देऊ नका.

म्हणूनच मैत्रिणींना दर आठवड्याला पाठवू नका. आठवड्याची मुदत आली की निष्कर्ष काढायची घाई होते, आणि एकदा चार जणींना सांगितलेलं मत मग बदलवत नाही. महिन्यातून एकदा पाठवा, तेही महिनाभर जुन्या नोंदींतून. शेजाऱ्यांची नावं आणि इमारत ओळखू येईल असं काही त्यात नको. लिहिण्याचे किंवा शिकवणीचे पैसे घ्यायचे ठरलं तर आधी इमिग्रेशनची परवानगी काढा. कुटुंब म्हणून राहणाऱ्यांना ती मिळाल्यावर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं.

आईंचं आता. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. त्यांचा रात्री साडेनऊचा फोन तुम्हाला मध्यरात्री एकला येईल, तेव्हा वेळ दुपारची ठरवा, त्यांच्या चहाच्या आधीची. अचानक यावं लागलं तर निघताना विमानतळावरच्या छोट्या कार्डावर ‘विशेष पुनर्प्रवेश’ची चौकट असते, तिथे खूण करायची. ती राहिली तर तुमचा निवासाचा दर्जा तिथेच संपतो आणि व्हिसाची सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. घाईत, रडवेल्या मनःस्थितीत हीच खूण राहून जाते, म्हणून कार्डाच्या पाकिटात आत्ताच चिठ्ठी घालून ठेवा. खूण केल्यावर परतायला एक वर्षाची मुदत असते, पण निवासाची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच धरतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कार्डावरची तारीख बघा. मुदत वाढवण्याचा अर्ज ती संपायच्या तीन महिने आधीपासून करता येतो.